दाण्याच्या बुडाशी

नागपूरच्या मे महिन्यात पंखा बंद ठेवून बसणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. भास्करराव गिरडकर.

आम्ही दोघे बियाणे तपासण्याच्या एका सरकारी प्रयोगशाळेत समोरासमोर बसत होतो. आमच्याकडे बियाण्याचे नमुने येत. त्यात पिकाचे शुद्ध बी किती, काडीकचरा किती, आणि तणाचे दाणे किती व कोणते, हे डोळ्यांनी पाहून सांगणे हे आमचे काम. तणाचा दाणा बहुधा बारीक आणि हलका असतो. पंख्याच्या वाऱ्याने तो टेबलावरून उडतो, आणि उडालेला दाणा निकालात येत नाही. म्हणून त्या खोलीत पंखा लावायचा नाही, असा नियम होता. उन्हाळ्यात आम्ही बाकीचे तो थोडा सैल करीत असू. शेजारच्या खोलीत कूलर होता. मधले दार आम्ही बोटभर उघडे ठेवीत असू. गिरडकर उठत, काही न बोलता दार लावीत, मानेवर ओला दुपट्टा टाकीत आणि पुन्हा भिंगावर वाकत.

"मरायचं ठरवलं आहे का तुम्ही?" मी एकदा वैतागून विचारले.

"इथून एक दाणा उडाला, की तिकडे एका वावरात तण उगवलं, कोलते. लावा पंखा."

मी पंखा लावला नाही.

गिरडकर गेल्या पौषात गेले. प्रयोगशाळेतल्या जुन्या माणसांनी त्यांच्याविषयी माझ्याकडे चार ओळी मागितल्या. चार ओळींत ते जमले नाही.

अंगाने ते शिडशिडीत होते. अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा. इतरांच्या खिशाला पेन असते, यांच्या खिशाला दाणे उचलण्याचा चिमटा असे. बसण्याची जागा ठरलेली, उत्तरेच्या खिडकीजवळ. उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा असतो, दाण्याचा रंग खोटा दाखवीत नाही, असे ते म्हणत. ढगाळ दिवशी दिवा लावून रंग ठरवायला ते तयार नसत. नमुना झाकून ठेवीत आणि उजेडाची वाट पाहत. वरिष्ठ अधिकारी चिडत. गिरडकर त्यांना एवढेच सांगत, "साहेब, आकाश माझ्या हाताखाली नाही."

निवडण्याची सवय कचेरीपुरती राहिली नव्हती. एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात मंगलाष्टके चालू होती आणि हे तळहातावरच्या अक्षता नखाने बाजूला सारून पाहत उभे होते. सर्वांनी अक्षता टाकल्या; यांच्या मुठीतच राहिल्या. शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या पत्नीने, मालतीबाईंनी, कोपराने ढोसले.

"अहो, टाका ना! काय निवडून राहिले?"

"यात साव्याचे दोन दाणे आहेत. तण आहे ते."

"मग? लग्न थांबवू म्हणता?"

सभोवतालचे लोक हसले. गिरडकरांनी ते दोन दाणे खिशात टाकले आणि उरलेल्या अक्षता, वेळ टळून गेल्यावर, एकट्यानेच नवरानवरीवर टाकल्या. मालतीबाईंच्या अशा बोलण्याला ते कधी उत्तर देत नसत. त्यांना मूलबाळ नव्हते. घरात बोलणे बहुतेक मालतीबाईंचेच असे, आणि ते पुरत असे.

काम शिकवण्याची त्यांची रीत रूक्ष होती. मेश्राम बाई नव्याने रुजू झाल्या होत्या. वनस्पतिशास्त्र शिकून आलेल्या, हुशार, थोड्या घाईच्या. पहिल्याच आठवड्यात गिरडकरांनी त्यांच्यापुढे मोहरीचा नमुना ठेवला.

"सगळी मोहरीच आहे, सर."

"नाव नका सांगू. काय दिसतं ते सांगा."

"काळं. गोल. बारीक."

"या घंटीचं बटणही काळं, गोल, बारीक आहे. फोडणीत टाकता काय?"

बाई लालबुंद झाल्या. भिंग घेऊन बसल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "सर, काही दाण्यांवर जाळी आहे. खड्डे खड्डे, मधमाश्यांच्या पोळ्यासारखे. आणि एका बाजूला बारीक उभी कड आहे."

"आणि बाकीच्यांवर?"

"नाही. ते त्या मानाने गुळगुळीत आहेत."

"आता सांगा नाव."

"पिवळा धोतरा?"

"विचारता का सांगता?"

"सांगते. पिवळा धोतरा."

"हं. याचं तेल मोहरीच्या तेलात गेलं, तर खाणाऱ्याच्या अंगावर सूज येते. माणसं दगावतात. म्हणून काळं, गोल, बारीक म्हणून चालत नाही."

आधी आकार, मग अंग, मग बुड. नाव शेवटी, हा त्यांचा क्रम होता. नाव आधी घेतले की डोळे काम करायचे थांबतात, असे ते म्हणत. केन्याचा दाणा राखाडी, सुरकुतलेला, अंगावर झाकणासारखी टिकली. काठमाठाचा दाणा काळा आणि भिंगासारखा चकचकीत. चंदनबटव्याचाही काळाच, पण तेज नसलेला. अमरवेलीचा मातकट, खरखरीत. मातीचा खडा समजून फसावे असा. ही वर्णने ते एका सुरात सांगत. कोणाला ती कंटाळवाणी वाटत. मला वाटली नाहीत.

धानाच्या बाबतीत त्यांची मुख्य शिकवण बुडाची होती. विदर्भाच्या पूर्व भागात धानाच्या बांध्यांत, म्हणजे बांध घालून पाणी अडवलेल्या शेतांत, रानधान उगवते. ते धानाचेच रानटी भावंड. रोप तसेच, लोंबी तशीच. फरक असा, की रानधानाचा दाणा पिकताच आपण होऊन गळतो आणि पुढच्या वर्षी त्याच मातीतून वर येतो. एकदा बियाण्यात मिसळले की ते गावभर पसरते. त्याला लांब कुसळ असते, परंतु मळणीत कुसळ मोडून जाते. मग ओळखायचे कसे? गिरडकर दाणा चिमट्यात उलटा धरीत. "आपण होऊन गळलेल्याच्या बुडाशी व्रण गुळगुळीत असतो. झोडपून काढलेल्याच्या बुडाशी फाटल्याची खूण राहते. वरून दोघेही सारखे. खालून पाहा."

आता आमच्या कामातली एक गोष्ट सांगणे भाग आहे. नमुन्यावर शेतकऱ्याचे नाव नसते, फक्त क्रमांक असतो. माल कोणाचा हे तपासणाऱ्याला कळू नये म्हणून. पण गिरडकरांना कळत असे. कारण तण जागेप्रमाणे बदलते, आणि दाणे जागेचे वर्णन करतात. "या बांधीतलं पाणी उतरत नाही," ते लव्हाळ्याचे दाणे पाहून म्हणत. "हे खळं ढोरांच्या वाटेवर आहे." पाठोपाठ म्हणत, "ही वाईट खोड आहे. ओळखायला नको." नमुना ओळखीचा वाटला की ते तो पुढे तपासत नसत, दुसऱ्याच्या टेबलावर सरकवीत. नियमही तसाच होता. बाकीच्यांवर तो नियम पाळण्याची वेळ कधी येत नसे, एवढेच.

गिरडकर मूळचे कुही तालुक्यातल्या एका खेड्यातले. धाकटा भाऊ शंकर गावी शेती पाहत असे. दरवर्षी दिवाळीनंतर नव्या तांदळाचे पोते घेऊन तो एस. टी.ने येई आणि घरी जाण्याआधी कचेरीत डोकावे. मोकळा, मोठ्याने बोलणारा माणूस.

"काय गा भाऊ, पंखा तुह्या हापिसाले परवडत नाई का? आमी उन्हात राबतो अन् घाम येते याले!"

"हळू बोल. दाणे उडतात."

"माह्या बोलण्यानं? पाहा साहेब," तो माझ्याकडे वळून म्हणे, "लहानपणी आमचा बाप ओरडे, तवा बैल हालत नोयता. हा म्हणते दाणे उडते."

गिरडकर त्या वेळी हसत. मी त्यांना हसताना पाहिले ते बहुतेक शंकर आला असतानाच.

शंकरने पुढे बीजोत्पादन घेतले. म्हणजे पुढच्या वर्षी इतरांनी पेरावे असे बियाणे आपल्या शेतात पिकवायचे. गावात हे करणारा तो पहिला. त्याच्या शब्दावर आणखी काही शेतकरी त्यात आले. आपल्या भावाच्या कचेरीतून आपल्या धानाला शुद्ध बियाण्याचा शिक्का मिळतो, हा त्याचा मोठा अभिमान होता. तो अभिमान तो चारचौघांत बोलून दाखवी. गिरडकरांना ते आवडत नसे. पण त्यांनी त्याला कधी अडवले नाही.

मग मालतीबाई आजारी पडल्या. भाद्रपद होता. त्यांना धंतोलीतल्या एका इस्पितळात ठेवले. गिरडकर दिवसा कचेरीत येत, कारण त्यांची रजा संपली होती आणि रजेवाचून घरी बसणे त्यांना ठाऊक नव्हते. इस्पितळात शंकर राही. गावाहून येऊन तो तिथेच थांबला. डबा आणी, औषधे आणी, रांगेत उभा राही, व्हरांड्यात सतरंजी टाकून निजे. मी भेटायला गेलो तेव्हा तो मालतीबाईंना पेज भरवत होता.

"खा वं वहिनी. न खाशीन तं भाऊ तुलेबी भिंगाखाली ठेवन."

त्या स्थितीतही त्या हसल्या होत्या. दिवाळीपूर्वी त्या गेल्या.

त्याच हिवाळ्यात एका सकाळी गिरडकर उठून माझ्या टेबलाजवळ आले. त्यांच्या हातात धानाचा एक नमुना होता.

"हा तुम्ही पाहा."

"तुम्ही पाहिला नाही?"

"सुरुवात केली होती. आता नाही पाहत."

मी कारण विचारले नाही. नमुना पाहिला. धान चांगले होते, टपोरे, भरलेले. पण त्यात रानधान होते. मी प्रत्येक दाणा उलटा करून बुड पाहिले. गुळगुळीत व्रण. एक, मग आणखी एक, मग बरेच. शिक्का मिळावा अशी स्थिती उरली नव्हती. मोजणी संपली आणि वाटीच्या तळाशी काही काळे, लांबट, मंद रंगाचे दाणे उरले. धानात ते मी कधी पाहिले नव्हते. ओल्या कागदावर ठेवले. थोड्याच वेळात प्रत्येक दाण्याभोवती निळसर पांढरा बुळबुळीत थर फुगून आला. सब्जा.

"गिरडकर, धानात सब्जा कसा हो?"

ते खिडकीकडे पाहत होते. "मोजणी झाली?"

"झाली."

"लिहिली?"

"लिहिली."

मग ते म्हणाले, "आमच्या खळ्याच्या कडेला आहे. मालतीने लावला होता. लग्न होऊन आली त्या वर्षी. आता आपलाच उगवतो."

मी चिमटा खाली ठेवला.  मग मी निकालाविषयी विचारले.

"तुम्ही पाहिलं ते लिहिलं आहे ना?" ते म्हणाले. "मग झालं." आणि ते आपल्या टेबलावर गेले. त्यांनी दुसरा नमुना ओतला.

निकाल गावी पोहोचल्यावर एका दुपारी शंकर आला. या खेपेला तो मोठ्याने बोलला नाही. खुर्ची ओढून भावासमोर बसला. खोलीत आम्ही तिघेच होतो. मी उठू लागलो, तर गिरडकरांनी हातानेच बसा म्हणून खुणावले.

"भाऊ, धान नापास झालं."

"हव."

"गावात लोक हासून राहिले. घरात साहेब असून म्हणते शंकऱ्याचंच बी नापास. मी काय सांगतलं माहीत हाये का? मी म्हणलं, अरे बाबू, तिथं नाव नसते, नंबर असते. माह्या भावाले काय सपन पडन का हे शंकरचं हाये म्हणून? त्याले माहीतच नोयतं." तो थांबला. पुढे वाकला. "बरोबर सांगतलं ना मी?"

गिरडकरांनी समोरचा नमुना कागदाने झाकला.

"भाऊ. बरोबर सांगतलं ना?"

"मले माहीत होतं, शंकर."

शंकर त्यांच्याकडे पाहतच राहिला. त्याने उत्तर स्वतः तयार करून आणले होते. मान हलवणे एवढेच काम भावाकडे ठेवले होते.

"धान फुलोऱ्यात असते तवा रानधान उपटा लागते," तो सावकाश म्हणाला. "तवा मी कुठं होतो गा?"

"धंतोलीत."

"कोणापाशी होतो?"

"मालतीपाशी."

"माहीत होतं ना तुले?"

"हव."

"तरी?"

"तरी," गिरडकर म्हणाले. "ते बी दुसऱ्याच्या बांधीत गेलं असतं."

शंकर उठला. जिन्यापर्यंत मी त्याच्या मागे गेलो आणि सांगितले, की नमुना गिरडकरांनी पाहिलाच नाही, मी पाहिला; निकालावर सही माझी आहे. त्याने माझे शांतपणे ऐकून घेतले.

"साहेब, तुमचा काय राग करू? तुमी परके. तुमी बरोबरच केलं." दोन पायऱ्या उतरून तो पुन्हा थांबला. "त्यानंबी बरोबरच केलं असन. पण मी लोकाईले खोटं सांगून आलो ना त्याच्यासाठी. त्याले एक मान हालवता येत नोयती?"

त्या वर्षीपासून तांदळाचे पोते येणे बंद झाले.

गिरडकरांनी याविषयी कधी चर्चा केली नाही. मी एकदाच म्हणालो, की निदान नमुना मी पाहिला एवढे तरी तुम्ही त्याला सांगायला हवे होते. ते म्हणाले, "त्यानं ते विचारलं नव्हतं." नंतर कचेरीत डबा खाताना मला दिसले, की त्यांच्या डब्यात भात नसतो. धानाच्या मुलखातला माणूस. विचारले तेव्हा म्हणाले, "पचत नाही." 

आम्ही दोघेही निवृत्त झालो. त्यांनी मनीषनगरात दोन खोल्यांचे घर घेतले. घर निवडताना त्यांनी उत्तरेची खिडकी पाहिली. बाकी काही पाहिले नाही. मी महिन्यातून एकदा जात असे. खिडकीशी टेबल, टेबलावर पांढरा कागद, कागदावर दुकानातून आणलेली तूरडाळ किंवा तीळ. ते निवडीत बसलेले असत. शेजारच्या बायकांना कळले तेव्हा त्या आपले धान्य आणून देऊ लागल्या. "आजोबा छान निवडतात," असे एकीने मला जिन्यात सांगितले. तिच्या घरी किती दिवस कोणते तण येत होते आणि धान्य कोणत्या भागातून येत असावे, हे आजोबांना माहीत होते. तिने विचारले नव्हते, म्हणून त्यांनी सांगितले नव्हते.

भिंतीवर मालतीबाईंचा फोटो होता. फोन क्वचित वाजे. वाजला तरी चुकीचा असे. आमचे बोलणे थोडे होई. एकदा निघताना मी म्हणालो, "कुहीला जाऊन या एकदा."

"जाऊन काय म्हणू?"

"काहीही म्हणा."

"तो एकच गोष्ट विचारेल," ते म्हणाले. "आणि माझं उत्तर एकच आहे."

आणखी काही वर्षे अशीच गेली. मग एके दिवशी सकाळी त्यांचा मला फोन आला. ते स्वतः फोन करीत नसत. शंकरची बायको कमल हिने कळवले होते, की शंकरच्या कमरेचे हाड मोडले आहे आणि त्याला धंतोलीत आणले आहे.

मी पोहोचलो तेव्हा गिरडकर इस्पितळाच्या व्हरांड्यात बाकावर बसले होते. शस्त्रक्रिया झाली होती. शंकर आत खोलीत होता, हे बाहेर. दुसऱ्या दिवशीही ते तिथेच बसलेले. तिसऱ्या दिवशीही. डबा आणीत, कमलच्या हाती देत, औषधांच्या रांगेत उभे राहत आणि परत बाकावर येऊन बसत. आत जात नसत.

"आत या ना भाऊजी," कमल म्हणे. "असे काहून बसता परक्यावानी?"

"त्यानं बोलावलं नाही."

"अन् आत हे म्हणते, त्यानं इचारलं नाई!" तिने माझ्याकडे पाहून हात जोडले. "साहेब, तुमीच पाहा बाप्पा. दोघं म्हातारे, अन् मी मंधात."

मी आत गेलो. शंकर फार वाळला होता. मला पाहून त्याने उठण्याचा प्रयत्न केला, मी थांबवले. 

"बाहेर बसला हाये ना?"

"हो. रोज येतात."

"आवाज ओळखतो मी खोकल्याचा." मग तो म्हणाला, "साहेब, त्याले एक सांगजा. आता माहं काही मागनं नाई. एकदा आत येऊन म्हण म्हणा, शंकर, मले माहीत नोयतं. बस. मलेबी माहीत हाये खोटं हाये. मी मानून घेईन. माह्या मनातला काटा निंघन."

मी बाहेर येऊन ते शब्द जसेच्या तसे सांगितले. माझे मत सांगितले नाही. गिरडकरांनी ऐकले.  समोरून रुग्णांच्या गाड्या जात होत्या, नातेवाईक पिशव्या घेऊन धावत होते. यवतमाळ, गडचिरोली, भंडारा. सगळा विदर्भ त्या व्हरांड्यातून ये-जा करतो. गिरडकर त्यातल्या कोणाकडे पाहत नव्हते.

"म्हणून टाका," शेवटी मी म्हणालो. माझ्या स्वभावाच्या विरुद्ध म्हणालो. "एक वाक्य आहे. कोणाच्या वावरात तण उगवणार नाही त्यानं."

ते उठले. सदरा सारखा केला. दारापाशी चपला काढल्या. इस्पितळात त्याची गरज नव्हती. आत जाऊन खाटेजवळ उभे राहिले. मी दारात थांबलो.

शंकरने मान वळवली. दोघे एकमेकांकडे पाहत होते. शंकरचे केस पूर्ण पांढरे झाले होते, आणि गिरडकरांनी ते प्रथमच पाहिले असावेत.

"शंकर," गिरडकर म्हणाले.

"बोल."

"मले…"  खाटेची कड धरली. "त्या साली… मले…"

त्यांचा हात थरथरत होता. चिमट्यात खसखशीएवढा दाणा धरताना जो हात मी कधी हललेला पाहिला नव्हता, तो. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता.  खोटे बोलण्याचा त्यांचा हा पहिलाच प्रयत्न असावा, आणि तो त्यांना येत नव्हता.

"राहू दे गा भाऊ," शंकर म्हणाला.

"थांब. म्हणतो मी."

"राहू दे. नाई जमत तुले. मरशीन अशानं." त्याने डोळे मिटून घेतले. थोड्या वेळाने म्हणाला, "पाणी दे."

गिरडकरांनी पाणी दिले. मी निघून आलो.

माझी कल्पना अशी झाली, की आता जुने दिवस परत येतील. तसे झाले नाही. शंकर गावी गेला. गिरडकर मनीषनगरात राहिले. फोन वाजत नव्हते. इतक्या वर्षांच्या अबोल्यानंतर दोघांपाशी एकमेकांना सांगण्यासारखे फारसे काही उरले नसावे. गिरडकर तसेच खिडकीशी बसत. मी जात असे, चहा होई, मी परत येई. पण भाद्रपद संपता संपता एका भेटीत ते म्हणाले, "उद्या मी कुहीला जातो आहे. शंकरनं पुन्हा बीजोत्पादन घेतलं आहे. त्याला वाकता येत नाही."

"मग तुम्ही काय करणार?"

"धान फुलोऱ्यावर आहे," ते म्हणाले.

आश्विनात मीही एकदा त्यांच्यासोबत गेलो. सकाळच्या एस. टी.ने. गावाबाहेरच शंकरच्या बांध्या आहेत. शंकर आधीच येऊन बांधीच्या कडेला, धुऱ्यावर, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता, काठी मांडीवर आडवी. मला रामराम केला. भावाशी तो बोलला नाही, आणि भाऊही त्याच्याशी बोलले नाहीत. गिरडकरांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि ते धानात उतरले.

जन्मभर त्यांनी रानधान ओळखले ते दाण्यावरून. उभे रोप त्यांना ओळखू येत नव्हते. हे मला तिथे, त्या वेळी कळले. ते ओळीतून एक एक पाऊल टाकीत. एखाद्या रोपापाशी थांबत, वाकून खालपासून वरपर्यंत पाहत, लोंबीला हात लावीत. मग उपटण्याआधी मान वर करून धुऱ्याकडे बघत. शंकर काठी उचले. काठी वर गेली, की ते रोप उपटायचे. काठी आडवी हलली, की सोडून पुढे जायचे. पुष्कळदा काठी आडवीच हलत होती. गिरडकर त्या रोपावरचा हात काढीत आणि पुढच्या रोपाशी वाकत.

ऊन तापले. कमलने मला घरी जेवायला नेले. तिने ताटात भात वाढला आणि सांगितले, की ते दोघे रोज असेच करतात, संध्याकाळच्या गाडीची वेळ होईपर्यंत. एकही शब्द नाही. गाडीला भाऊजी एकटेच चालत जातात.

माझी गाडी दुपारची होती. निघताना मी बांधावरून पुन्हा पाहिले. धान छातीपर्यंत उभे होते, त्यामुळे गिरडकरांचे डोके आणि पांढऱ्या सदऱ्याचे खांदेच दिसत होते. ते बांधीच्या दुसऱ्या टोकाला पोहोचले होते, इतके दूर की काठी दिसण्यासाठी त्यांना कपाळावर हात धरावा लागत होता. त्यांनी हात धरला. ते थांबून राहिले. धुऱ्यावर शंकरने काठी वर उचलली, आणि त्यांना नीट दिसावी म्हणून तशीच वर धरून ठेवली.